न दिसणारी दुखापत, न टिकणारी नोकरी

स्टीव्ह मोंटाडोर हे नाव आपल्याकडे फारसे कुणी ऐकलेले नसेल. आइस हॉकीवर जीव टाकणाऱ्या कॅनडातही तो पहिल्या रांगेतला तारा नव्हता. उत्तर अमेरिकेतल्या 'नॅशनल हॉकी लीग' म्हणजे एनएचएलमध्ये तो दहा हंगामांत ५७१ सामने खेळला आणि त्या काळात त्याने सहा संघ बदलले. १५ फेब्रुवारी २०१५ रोजी टोरांटोजवळच्या मिसिसागा शहरात, राहत्या घरी त्याचा मृत्यू झाला. वय होते अवघे ३५. चारच दिवसांनी त्याचा मुलगा जन्माला आला.

आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, अशी इच्छा मोंटाडोरने सांगून ठेवली होती. त्यानुसार टोरांटो वेस्टर्न रुग्णालयातील कॅनेडियन कन्कशन सेंटरच्या डॉक्टरांनी मेंदूची तपासणी केली. मे २०१५ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. 'क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी', थोडक्यात सीटीई, या आजाराच्या खुणा मेंदूत ठिकठिकाणी आढळल्या होत्या. डोक्याला वारंवार बसलेल्या हादऱ्यांशी जोडला जाणारा हा मेंदूचा ऱ्हास आहे.

खेळातल्या दुखापतींची चर्चा बहुधा नामवंतांभोवती फिरते. मोंटाडोरची कारकीर्द समजून घ्यायला हवी ती वेगळ्या कारणासाठी. दर वर्षी नोकरी टिकवायची धडपड करणारा खेळाडू डोक्याची दुखापत का लपवतो आणि त्याची किंमत त्याच्या मेंदूला कशी मोजावी लागते, हे त्यातून स्पष्ट दिसते.

रोजंदारीवरचा खेळाडू

अशा खेळाडूला इंग्रजीत 'जर्नीमन' म्हणतात. हा शब्द मुळात कारागिरांच्या दुनियेतला. काम उत्तम शिकलेला, पण स्वतःचे दुकान नसलेला, दिवसाच्या मजुरीवर राबणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. हॉकीतही अर्थ तसाच आहे. खेळ पक्का, मेहनत भरपूर, पण कुठल्याही संघाला 'याच्यावाचून आपले चालणार नाही' असे वाटत नाही.

मोंटाडोरचा जन्म १९७९ मध्ये व्हँकुव्हरला झाला आणि तो मिसिसागात वाढला. तरुण खेळाडूंची निवड करण्यासाठी एनएचएलमध्ये दर वर्षी 'ड्राफ्ट' होतो. त्यात त्याला कुठल्याच संघाने घेतले नाही. २००० मध्ये कॅलगरी फ्लेम्सने त्याच्याशी करार केला आणि त्याला खालच्या लीगमधील आपल्या संघात, सेंट जॉनला पाठवले. तिथे २००१ मध्ये संघाने अजिंक्यपद मिळवले आणि पुढच्या हंगामात त्याच्यासाठी एनएचएलचे दार किलकिले झाले.

किलकिलेच, कारण एका सामन्यात साधारण सहा बचावपटू खेळवले जातात. सातवा आणि आठवा कोट-टाय घालून प्रेक्षागृहात बसतो. मोंटाडोर कित्येकदा या सातव्या-आठव्या जागेवर असे. २००४ च्या बाद फेरीत मात्र त्याला सलग संधी मिळाली आणि सॅन होजेविरुद्धच्या उपांत्य मालिकेतील पहिला सामना त्याने जादा वेळेत गोल मारून जिंकून दिला. कॅलगरी अंतिम फेरीत पोहोचली आणि सातव्या सामन्यात टॅम्पा बेकडून हरली.

त्यानंतरचा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात पूर्ण रद्द झाला. मोंटाडोर फ्रान्समधल्या मुलूझ शहरात जाऊन खेळला. डिसेंबर २००५ मध्ये कॅलगरीने त्याला फ्लोरिडाला दिले. पुढे २००८ मध्ये अॅनाहाइम, २००९ च्या मार्चमध्ये बोस्टन, त्याच वर्षी उन्हाळ्यात बफेलो आणि २०११ मध्ये शिकागो. प्रत्येक वेळी नवे शहर, नवे घर, नवा प्रशिक्षक आणि संघाचा नवा डॉक्टर. आधीच्या गावी डोक्याला काय लागले होते याची कागदावरची नोंद पुढे जाते. पण 'हा मुलगा हल्ली जरा गप्प गप्प वाटतो' हे ओळखणारी माणसे मागच्याच गावात राहतात.

करारांची रचनाही समजून घ्यायला हवी. अनेक नवख्या आणि फिरत्या खेळाडूंचा करार 'दुहेरी' असतो. वरच्या संघात खेळलात तर एक पगार, खालच्या लीगमध्ये पाठवले तर त्याच्या काही अंशच. त्यामुळे एखाद्या सकाळी डोके जड वाटते म्हणून सुट्टी मागणे हा पगाराचा प्रश्न होतो. रोजंदारीवरच्या माणसाला हे गणित वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कवटीच्या आत काय होते?

आइस हॉकी हा अत्यंत वेगवान खेळ आहे. बर्फावर खेळाडू ताशी ३० किलोमीटरहून अधिक वेगाने सरकतात. प्रतिस्पर्ध्यावर अंगाने धडकणे, म्हणजे 'बॉडी चेक', हा नियमात बसणारा डाव आहे. बचावपटूचे तर ते रोजचेच काम. शिवाय एनएचएलमध्ये हातमोजे टाकून होणारी मारामारी खेळाचा भाग म्हणून सहन केली जाते. पाच मिनिटे बाहेर बसायचे आणि पुन्हा खेळायला यायचे. तारे सहसा मारामारीत पडत नाहीत. संघातली जागा पक्की नसलेले खेळाडू आपला उपयोग दाखवण्यासाठी उतरतात. मोंटाडोरही उतरत असे.

साधारण १.४ किलो वजनाचा आपला मेंदू कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. वेगात असलेले डोके अचानक थांबले किंवा गर्रकन फिरले की कवटी थांबते, पण आतला मेंदू ताणला आणि पिळला जातो. यालाच 'कन्कशन', म्हणजे मेंदूला बसलेला हादरा म्हणतात. त्यासाठी डोक्यावरच आघात व्हायला हवा असे नाही. छातीवर बसलेल्या धडकेने मानेला जोराचा झटका बसला तरी पुरे.

या ताणामुळे मज्जापेशींच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर पडते आणि कॅल्शियम आत शिरते. हा बिघाड निस्तरण्यासाठी पेशींना एकदम जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला असतो. मागणी वाढली आणि पुरवठा आटला, अशी ही अवस्था काही दिवस ते काही आठवडे टिकू शकते. त्यातून डोकेदुखी, चक्कर, उजेड आणि आवाज सहन न होणे, विसरभोळेपणा, चिडचिड, झोपेचे तंत्र बिघडणे ही लक्षणे दिसतात. शुद्ध हरपलीच पाहिजे असे मुळीच नाही. बहुसंख्य रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतात.

इथेच खरी अडचण आहे. हाड मोडले तर एक्स-रेमध्ये दिसते. कन्कशनमध्ये सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ येतो, कारण रक्तस्राव नसतो. बिघाड पेशींच्या कामकाजात असतो. म्हणजे निदानाचा मोठा भाग रुग्ण काय सांगतो यावर उभा असतो. आणि इथे रुग्णाकडेच न सांगण्याचे कारण असते.

'पण हेल्मेट असते ना?' हा प्रश्न साहजिक आहे. एनएचएलमध्ये १९७९ पासून नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचे झाले. हेल्मेट कवटी फुटण्यापासून आणि जीवघेण्या रक्तस्रावापासून वाचवते. म्हणून दुचाकीवर ते हवेच हवे. पण आतल्या मेंदूचे हिंदकळणे ते पूर्ण थांबवू शकत नाही. डबा कितीही मजबूत असला, तरी जोराचा हिसका बसला की आतले दही मोडतेच.

सांगावे की लपवावे?

एनएचएलने १९९७ पासून कन्कशनसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. हंगामाआधी प्रत्येक खेळाडूची स्मरणशक्ती, एकाग्रता आणि प्रतिक्रियेचा वेग मोजून ठेवायचा आणि दुखापतीनंतर त्याच्याशी तुलना करायची, अशी ही पद्धत. कल्पना उत्तम आहे. पण अशा चाचण्या वापरणाऱ्या अनेक खेळांत एक पळवाट सापडली. काही खेळाडू हंगामाआधीची चाचणी मुद्दाम वाईट देतात, म्हणजे पुढे गुण घसरले तरी फरक दिसू नये.

याला बेजबाबदारपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण मोंटाडोरसारख्याच्या जागी उभे राहून पाहावे. सातव्या क्रमांकाचा बचावपटू दोन आठवडे बाहेर बसला, तर त्याच्या जागी खालच्या लीगमधून एक विशीतला मुलगा येतो. तो बरा खेळला की परतीची वाट बंद. गुडघा दुखावला तर संघ आणि चाहते दोघेही समजून घेतात. 'डोक्यात धुके भरल्यासारखे वाटते' असे सांगणाऱ्याकडे मात्र संशयाने पाहिले जाते.

याचे आपल्या ओळखीचे उदाहरण क्रिकेटमध्ये आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. तपासणी झाली, ती तो उत्तीर्ण झाला आणि त्याच डावात पुन्हा फलंदाजीलाही आला. दुसऱ्या दिवशी लक्षणे दिसू लागल्यावर त्याने सामन्यातून माघार घेतली. आयसीसीने त्याच महिन्यात लागू केलेल्या नियमामुळे त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. कसोटीतला तो पहिला कन्कशन बदली खेळाडू. त्याने ५९ धावा केल्या आणि संघात जागा मिळवली. स्मिथ हा स्मिथ होता म्हणून त्याची जागा राखून ठेवली गेली. संघातल्या अकराव्या माणसाच्या मनात हा प्रसंग पाहून काय आले असेल, याची कल्पना करता येते.

शेवटची तीन वर्षे

२०११ मध्ये शिकागो ब्लॅकहॉक्सने मोंटाडोरशी चार वर्षांचा, सुमारे १ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. वयाच्या ३१ व्या वर्षी, सहाव्या संघात, आयुष्यात प्रथमच त्याला स्थैर्य मिळाले होते. त्याच हंगामात, २०१२ च्या सुरुवातीला डोक्याला हादरे बसले आणि लक्षणे जाईनात. त्यानंतर एनएचएलमध्ये त्याला जवळजवळ खेळताच आले नाही. बरा झाल्यावर त्याला रॉकफर्डला, पुन्हा खालच्या लीगमध्ये पाठवण्यात आले. २०१३ च्या उन्हाळ्यात, ज्या वर्षी शिकागोने स्टॅनले चषक जिंकला, त्याच वर्षी क्लबने नियमाप्रमाणे पैसे देऊन त्याचा करार संपवला. मग तो क्रोएशियातील झाग्रेबच्या संघाकडून रशियन लीगमध्ये खेळायला गेला. तिथे ११ सामने झाले आणि कारकीर्द संपली.

या काळात नैराश्य, विस्मरण आणि झोप न लागणे यांनी त्याला घेरले होते. आधीच्या काळात व्यसनाशीही त्याने झगडा दिला होता. माँट्रियलचे गाजलेले गोलरक्षक आणि पुढे कॅनडाचे मंत्री झालेले केन ड्रायडन यांनी २०१७ मध्ये 'गेम चेंज' या पुस्तकात मोंटाडोरचे आयुष्य आणि मेंदूविज्ञान शेजारी शेजारी ठेवून मांडले. खेळाचे निर्णय घेणाऱ्यांनी विज्ञानाच्या अंतिम निकालाची वाट पाहत बसू नये, हा त्यांचा आग्रह होता.

सीटीई : काय माहीत आहे, काय नाही

मुष्टियोद्ध्यांमध्ये असा मेंदूविकार दिसतो, हे अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच नोंदवले होते. सीटीईमध्ये 'टाऊ' नावाचे प्रथिन बिघडून मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचते आणि वर्षानुवर्षे पसरत जाते. आजही त्याचे खात्रीचे निदान मृत्यूनंतर, मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते.

आइस हॉकीपटूमध्ये हा आजार प्रथम सिद्ध झाला तो २००९ मध्ये, रेगी फ्लेमिंग यांच्या मेंदूत. तेही एनएचएलच्या सहा संघांतून फिरलेले आणि मारामारीसाठी ओळखले जाणारे खेळाडू. पाठोपाठ बॉब प्रोबर्ट आणि अवघ्या २८ व्या वर्षी गेलेला डेरेक बूगार्ड यांच्या मेंदूंतही तो आढळला. मारामारी करणाऱ्या खेळाडूंवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एनएचएलमधील अशा ३३१ जणांची तुलना त्यांच्यासारख्याच इतर खेळाडूंशी केली असता, मृत्यू पावलेले मारामारीवाले खेळाडू सरासरी दहा वर्षे लवकर गेल्याचे दिसले. आत्महत्या आणि अमली औषधांचा अतिरेक ही कारणे त्यांच्यात जास्त होती.

मारामारी न करणाऱ्यांचे काय? २०२४ च्या अखेरीस बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ७७ पुरुष आइस हॉकीपटूंच्या दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास मांडला. १३ वर्षांपेक्षा कमी खेळलेल्या २६ जणांपैकी ५ जणांना सीटीई होता. १३ ते २३ वर्षे खेळलेल्या २७ पैकी १४ जणांना, तर २३ वर्षांहून अधिक खेळलेल्या २४ पैकी २३ जणांना. खेळलेल्या प्रत्येक जादा वर्षामागे शक्यता सुमारे ३४ टक्क्यांनी वाढत होती. एखादी गाजलेली धडक महत्त्वाची असतेच. पण लक्षणेही न दिसणारे हजारो छोटे हादरे वर्षांच्या हिशेबाने साठत जातात, असे हे आकडे सुचवतात.

हे आकडे वाचताना सावध राहायला हवे. मेंदू दान होतात ते बहुधा ज्यांना त्रास होता अशांचे. म्हणून 'हॉकी खेळणाऱ्या इतक्या टक्के लोकांना सीटीई होतो' असा अर्थ त्यातून काढता येत नाही. सीटीई सापडला म्हणजे मृत्यू त्यामुळेच झाला, असेही नाही. नैराश्य आणि व्यसन यांना इतरही कारणे असतात. एनएचएलचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी हॉकी आणि सीटीई यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, अशीच भूमिका सातत्याने घेतली आहे. मोंटाडोरच्या कुटुंबाने २०१५ च्या अखेरीस लीगवर दावा दाखल केला. २०१८ मध्ये लीगने तीनशेहून अधिक माजी खेळाडूंबरोबर सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरची वेगळी तडजोड केली, मात्र चूक मान्य केली नाही.

बदल कुठून सुरू झाला?

सर्वात ठोस बदल झाला तो लहान मुलांच्या खेळात. २०१० मध्ये कॅलगरी विद्यापीठाच्या कॅरोलिन एमरी यांच्या गटाने ११-१२ वर्षांच्या मुलांची तुलना केली. आल्बर्टा प्रांतात या वयात बॉडी चेकला परवानगी होती, क्वेबेकमध्ये नव्हती. आल्बर्टातल्या मुलांना कन्कशनचा धोका तिपटीहून अधिक निघाला. २०१३ पासून 'हॉकी कॅनडा'ने या वयोगटात देशभर बॉडी चेक बंद केले. एनएचएलनेही २०१० मध्ये नजरेआडून डोक्यावर मारलेल्या धडकेला बंदी घातली आणि २०११ पासून संशयित खेळाडूची तपासणी बाकावर उभ्या उभ्या न करता शांत खोलीत डॉक्टरांनी करायची असे ठरवले. खेळाडूच्या सांगण्यावर सगळे सोडायचे नाही, हा या बदलामागचा विचार आहे. पुढची पायरी आहे ती त्याची जागा आणि पगार सुरक्षित ठेवण्याची. तोवर लपवणे चालूच राहील.

आपल्यासाठी

आपल्याकडे आइस हॉकी फारशी नसली तरी दुचाकीवरून पडणे, कबड्डीतली टक्कर, फुटबॉलमधला धक्का हे रोजचे आहे. 'काही नाही, पाणी मार आणि खेळ' हा आपला ठरलेला उपचार. परीक्षा, निवड चाचणी किंवा कामावरची हजेरी यांच्या धास्तीने मुलेही आणि मोठेही त्रास बोलून दाखवत नाहीत. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

डोक्याला मार बसल्यावर गोंधळ, चक्कर, मळमळ किंवा विसरल्यासारखे वाटत असेल, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात जायचे नाही, वाहनही चालवायचे नाही. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर त्रास लांबतो. लहान वयात तो क्वचित जीवावरही बेततो.

वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, फिट येणे, जागे करूनही न जागणे, बोलणे अडखळणे, हातापायातील शक्ती कमी होणे, बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे यांपैकी काहीही दिसले, तर लगेच रुग्णालय गाठावे. रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांनी किरकोळ मारालाही दाखवून घ्यावे.

अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहण्याचा सल्ला आता दिला जात नाही. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती आणि मोबाइल कमी, त्यानंतर हलके चालणे, आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने अभ्यास, काम आणि शेवटी खेळ. बहुतेक प्रौढ दोन आठवड्यांत, मुले महिन्याभरात बरी होतात.

आणि प्रशिक्षक, शिक्षक, पालक, मालक यांच्यासाठी एक गोष्ट. 'बरे वाटत नाही' असे सांगणाऱ्याची जागा तो परत येईपर्यंत त्याचीच राहील, हे त्याला आधीच, दुखापत व्हायच्या आधी सांगून ठेवा. स्कॅनमध्ये न दिसणारी दुखापत कळण्याचा मुख्य मार्ग माणसाने ती सांगणे हाच आहे, आणि सांगितल्याने नुकसान होणार नाही याची खात्री असेल तरच तो सांगेल.